एएम पूर्ण डिजिटल झालं, तर रात्री दूरची स्टेशनं पकडायचा नाद राहील का?

औशाजवळच्या एका गावातून प्रश्न आलाय. कॉलेजात शिकणारा मुलगा आहे. तो लिहितो: "काका, मामाच्या नव्या गाडीत मीडियम वेव्ह लावली की काही ठिकाणी डीआरएम असं येतं, पडद्यावर केंद्राचं नाव दिसतं आणि आवाज एफएमसारखा स्वच्छ लागतो. पण अंधार पडला की तोच आवाज मधेच तुटतो, गप्प होतो, परत येतो. घरी आजोबांच्या रेडिओवर त्याच जागी नळ सोडल्यासारखा नुसता 'सूऽऽ' आवाज. अमेरिकेत एएम स्टेशनांना पूर्ण डिजिटल व्हायची परवानगी मिळाल्याचं वाचलं. मला रात्री दूरची स्टेशनं शोधायचा नाद नुकताच लागलाय. सगळं डिजिटल झालं तर हा नाद संपला का? आणि आता सुरुवात करायची तर कशानं करू?"

नाद संपत नाही, बाळा. पण त्याचा एक कोपरा जातो, आणि तो कोपरा मला सगळ्यात प्रिय आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. अंबाजोगाईत मी चाळीस वर्षं रेडिओ दुरुस्त केले आणि रात्री ऐकलेल्या स्टेशनांची वही 1984 पासून ठेवली. खाली जे लिहितोय ते दुकानातल्या टेबलावर आणि शेतातल्या आखाड्यावरच्या बाजेवर बसून शिकलेलं आहे.

आधी आजोबांच्या रेडिओतला तो 'सूऽऽ'. साध्या एएममध्ये, म्हणजे मीडियम वेव्हवरच्या जुन्या पद्धतीत, मधोमध एक वाहक लहर असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना आवाजाचे पट्टे असतात. ट्रान्समीटर आवाजानं पुरता भरून चालला तरी एकूण शक्तीतला दोन तृतीयांश भाग त्या मधल्या वाहकातच जातो. वाहकात गाणं नसतं, बातमी नसते. उरलेल्या एका हिश्श्यात आवाज, तोही दोन्ही बाजूंना तोच-तोच, दोनदा. ही उधळपट्टी आहे खरी, पण तिच्यामुळेच रेडिओ इतका सोपा आणि स्वस्त झाला. तो वाहक आयता हाताशी असल्यामुळे एका डायोडवर आवाज सुटा करता येतो. दोन सेलवर महिनोन्‌महिने चालणारा रेडिओ गड्याच्या उशाला आला तो याच कारणानं.

डीआरएम म्हणजे डिजिटल रेडिओ मोंडिआल, डिजिटल प्रसारणाची एक पद्धत. तिच्यात तो मोठा वाहक काढून टाकतात. 9 किंवा 10 किलोहर्ट्झच्या पट्टीत दोनशेच्या आसपास बारीक वाहक शेजारी-शेजारी मांडतात आणि आवाजाचे आकडे करून प्रत्येकावर थोडे-थोडे लादतात. एका टेम्पोत भरायचं धान्य दोनशे माणसांच्या डोक्यावरच्या पाट्यांतून न्यावं, तसं. चार-दोन जण वाटेत अडखळले तरी बाकीचे पोचतात, आणि सांडलेलं हिशेबानं भरून काढायची सोय आधीच करून ठेवलेली असते. आजोबांच्या रेडिओला त्यातलं काहीच कळत नाही. त्याला ती दोनशे माणसांची एकत्र चाल म्हणजे नुसता आवाज, आणि तोच तो 'सूऽऽ'. रेडिओ बिघडलेला नाही. कुणी 'आयसी गेलाय' म्हणून पैसे मागितले तर देऊ नकोस.

आता रात्री तुटायचं. दिवसा मीडियम वेव्ह जमिनीला धरून चालते. आभाळाकडे गेलेली लहर साधारण 60 ते 90 किलोमीटर उंचीवरचा डी थर शोषून घेतो. दिवस मावळला की हा थर विरतो आणि तीच लहर आणखी वरच्या थरांवरून परतून शेकडो, हजारो किलोमीटरवर उतरते. आपल्या नादाचा सगळा खेळ यावरच आहे. पण गाडीतल्या त्या डिजिटल केंद्राच्या दृष्टीनं पाहा. दिवसा ती वाहिनी, म्हणजे पट्ट्यावरची ती जागा, त्याची एकट्याची होती. रात्री त्याच वाहिनीवरची लांबची केंद्रं आभाळातून उतरून त्याच्या अंगावर येतात. शिवाय त्याची स्वतःची जमिनीवरची लहर आणि आभाळातून परतलेली लहर एकमेकींत मिसळतात, कधी बेरीज होते, कधी वजाबाकी. साध्या एएमवर अशा वेळी आवाज विहिरीतून आल्यासारखा घोगरा होतो, वाकडा होतो, पण चालू राहतो. डिजिटलचा हिशेब एका मर्यादेपर्यंत पूर्ण बरोबर येतो आणि ती मर्यादा ओलांडली की काहीच हाती लागत नाही. जास्त मजकूर भरलेल्या डीआरएम प्रक्षेपणाला गोंगाटाच्या वर साधारण 15 डेसिबल तरी संकेत लागतो. 16 असला तर मामा खूश, 13 झाला की गाडीत शांतता.

याचा दोष नुसत्या डिजिटलवर टाकू नकोस. परतलेल्या लहरींची तयारी डीआरएमनं चांगली केलेली आहे. आभाळातून येणाऱ्या प्रसारणासाठी त्याचं जे 'बी' रूप आहे, त्यात प्रत्येक तुकड्याच्या आधी 5.33 मिलिसेकंदांची मोकळी जागा सोडतात. तेवढ्या वेळात लहर 1600 किलोमीटर जाते. म्हणजे एकाच संकेताच्या दोन प्रती इतक्या अंतराच्या फरकानं आल्या तरी एकमेकींचा मजकूर बिघडवत नाहीत. खरी अडचण आपल्याकडे दुसरीच आहे. आकाशवाणीनं गेल्या दशकात मीडियम वेव्हचे 35 ट्रान्समीटर डीआरएमचे बसवले, पण ते बहुतेक वेळ जोडीनं चालतात: एका वाहिनीवर साधा एएम आणि लगतच्या वाहिनीवर डिजिटल. एकाच ट्रान्समीटरची शक्ती दोघांत वाटायची, आणि जुने रेडिओ घरोघरी आहेत म्हणून मोठा वाटा साध्या एएमला द्यावा लागतो. मामाच्या गाडीला मिळतो तो उरलेला धाकटा वाटा. तोच ट्रान्समीटर पूर्ण डिजिटल चालवला तर सगळी शक्ती तिकडे जाईल, आणि आज औशात रात्री तुटणारं केंद्र बऱ्याच रात्री न तुटता लागेल. म्हणजे साध्या श्रोत्याच्या दृष्टीनं 'अर्धवट डिजिटल'पेक्षा 'पूर्ण डिजिटल' चांगलंच आहे. हे मला मान्य करावंच लागतं.

अमेरिकेची गोष्ट वेगळी आहे, पण तिच्यातून आपल्याला शिकता येतं. तिथं डीआरएम नाही, एचडी रेडिओ नावाची पद्धत आहे. 2002 मध्ये त्यांनी मिश्र पद्धतीला मान्यता दिली: मधे साधा एएम आणि त्याच्या दोन्ही अंगांना डिजिटल पट्टे. 2007 मध्ये ते रात्रीही चालवायला परवानगी मिळाली आणि दूरची स्टेशनं शोधणारे हैराण झाले, कारण हे पट्टे मधल्या वाहकापासून दोन्हीकडे 15 किलोहर्ट्झपर्यंत पसरत आणि तिथल्या 10 किलोहर्ट्झच्या अंतरावर बसलेल्या शेजारच्या केंद्रांवर 'सूऽऽ' ओतत. मेरीलँडमधल्या फ्रेडरिक गावच्या डब्ल्यूडब्ल्यूएफडी या 820 किलोहर्ट्झच्या केंद्रानं 2018 च्या जुलैत साधा एएम बंद करून प्रयोग म्हणून पूर्ण डिजिटल सुरू केलं, आणि ऑक्टोबर 2020 मध्ये तिथल्या नियामकानं ज्याला हवं त्याला तसं करायची मुभा दिली. सक्ती नाही, हे लक्षात ठेव. पूर्ण डिजिटल रूप मधल्या बिंदूपासून दोन्हीकडे 10 किलोहर्ट्झच्या आत बसतं, म्हणजे मिश्र रूपापेक्षा अंग चोरून राहतं. शेजाऱ्यावर कमी सांडतं. तेव्हा 'पूर्ण डिजिटल म्हणजे सगळ्यात वाईट' हे खरं नाही. छंद्यांसाठी सगळ्यात वाईट ते मिश्र रूपच होतं.

मग जातं काय? ते सांगायला मी माझ्या वहीतलं एक पान उघडतो.

औरंगाबाद केंद्र 1521 किलोहर्ट्झवर असायचं, एक किलोवॉटचं. तेव्हा गावाचं नाव औरंगाबाद होतं आणि केंद्राचंही. अंबाजोगाईत दिवसा ते जेमतेम लागायचं, सुई फार जपून ठेवावी लागे. रात्री सभा संपली, केंद्र बंद झालं, की मी सुई तिथंच ठेवायचो. आधी नुसती खरखर. मग तिच्या तळातून काहीतरी वर यायचं, शब्द नव्हेत, नुसती लय. पाच-दहा मिनिटं कान लावून बसलं की कळायचं, हे अरबी आहे. मग एखादा शब्द, मग पठणाचा लांब सूर, मग पुन्हा सगळं बुडालेलं. सौदी अरबस्तानात दुबा इथं 1521 वरच 2000 किलोवॉटचा ट्रान्समीटर होता, चार हजार किलोमीटरवर. एका किलोवॉटच्या आपल्या केंद्रानं दिवसभर झाकलेली ही दूरची खिडकी रात्री उघडायची. पहिल्या रात्री मला नाव कळलं नव्हतं. आठ रात्री लागल्या ते पक्कं करायला. त्या आठ रात्री मी वहीत जे लिहिलंय ते असं: 'पुरुष आवाज, अरबी बहुधा', 'वाद्य नाही', 'साडेबाराला वर आलं, पावणेएकला गेलं'.

हे जे अर्धवट ऐकू येणं आहे, ते डिजिटलमध्ये नाही. साध्या एएमवर गोंगाटाच्या बरोबरीचा, किंबहुना त्याहून किंचित खालचा आवाजही सरावलेला कान उचलतो, कारण माणसाचा मेंदू बोलण्याची लय ओळखतो. मशीनला लय कळत नाही, त्याला पूर्ण हिशेब लागतो. दुसरं असं की साध्या एएमवर एका वाहिनीत दोन-तीन केंद्रं एकावर एक बसलेली असली तरी ती थरांसारखी वेगळी ऐकता येतात: वर तेलुगू, खाली कन्नड, त्याच्याही खाली कुणाची तरी सतार. त्यातलं एक डिजिटल झालं की ते बाकीच्यांवर सपाट सारवण टाकतं. खालचं काही दिसत नाही. 1521 वर आपलं केंद्र रात्रभर डिजिटल चाललं असतं, तर मला दुबा कधीच मिळालं नसतं.

पण मी थांबलो तिथंच थांबू नकोस. गेल्या थंडीत रेणापूरकडे एका नातेवाइकाच्या आखाड्यावर मी लॅपटॉप आणि एक छोटा एसडीआर घेऊन बसलो होतो. एसडीआर म्हणजे अंगठ्याएवढी डबी. ती रेडिओच्या लहरी जशाच्या तशा लॅपटॉपात ओतते आणि पुढचं काम प्रोग्राम करतो. पडद्यावर सगळा पट्टा उभ्या धबधब्यासारखा खाली सरकत असतो. साधं केंद्र म्हणजे मधे एक झळझळीत रेघ आणि दोन्ही बाजूंना आवाजाबरोबर हलणारे पंख. डीआरएम केंद्र म्हणजे कापडाची सपाट पट्टी, कडा सरळ कापलेल्या, मधे रेघ नाही. अशी एक अगदी फिकी पट्टी मला दिसली. ड्रीम नावाचा डीआरएम उलगडायचा फुकट प्रोग्राम आहे, त्यात तो संकेत सोडला. त्याच्या खिडकीत छोटे दिवे असतात: ताळमेळ जुळला का, पहिला थर वाचता आला का, दुसरा आला का, आणि शेवटी आवाज आला का. लाल, पिवळा, हिरवा.

इथं डीआरएमची रचना समजून घेण्यासारखी आहे. त्यात तीन प्रकारचा मजकूर एकाच वेळी चालतो. पहिला अगदी थोडा आणि सगळ्यात दणकट, त्यात पट्टी किती रुंद, आत किती कार्यक्रम, एवढंच असतं. दुसरा त्याहून जरा जास्त, त्यात केंद्राचं नाव असतं. तिसरा खरा आवाज, सगळ्यात भरगच्च आणि म्हणून सगळ्यात नाजूक. त्या रात्री पहिला दिवा हिरवा झाला. दुसरा पिवळा, लाल, पिवळा असा खेळत राहिला. आवाजाचा दिवा लालच. थंडीनं बोटं आखडली होती. मी लाकडी चौकटीचा एरियल टाचेनं वीतभर सरकवला. दुसरा दिवा हिरवा झाला आणि पडद्यावर अक्षरं उमटली: आकाशवाणीचंच, दक्षिणेतलं एक केंद्र. आवाजाचं एक अक्षर ऐकू आलं नाही. नाव मात्र आलं, आणि चार सेकंदांनी गेलं.

माझं काळीज तेव्हा जसं उडालं, तसंच त्या 1521 च्या पहिल्या रात्री उडालं होतं. म्हणून सांगतो, नाद राहतो. अर्धवट ऐकण्याची जागा अर्धवट उलगडणं घेतं. कान थोडा मागे पडतो आणि एरियलचं, दिशेचं, शांत जागेचं काम पुढे येतं. आणि एक फायदा निर्विवाद आहे: नाव पडद्यावर आलं की वाद उरत नाही. आठ रात्री 'अरबी बहुधा' लिहावं लागत नाही.

आता खऱ्या धोक्याकडे येतो, कारण तुझा प्रश्न डिजिटलचा असला तरी आपला नाद मारणाऱ्या गोष्टी दुसऱ्याच आहेत.

एक म्हणजे गोंगाट. मी सुरुवात केली तेव्हा गावात रात्री गोंगाट करणारं काही नव्हतं. आता प्रत्येक घरात एलईडी बल्ब, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर, टीव्हीचा डबा. यातली स्वस्त उपकरणं मीडियम वेव्हवर सतत गुरगुरतात. शेतात गेलं तर सौरपंपाचा कंट्रोलर दिवसा, आणि रानडुकरांसाठी कुंपणाला लावलेलं झटका मशीन रात्रभर. ते ओळखायला सोपं आहे: दर सेकंदाला एक 'टक्', सगळ्या पट्ट्यावर, घड्याळासारखा. गंमत अशी की साध्या एएमवर हा टक्-टक् डोकं उठवतो, पण डीआरएम त्याला बऱ्यापैकी पचवतं. तिथं आवाजाचे आकडे वेळेत विस्कटून, दोन सेकंदांच्या पसाऱ्यात पेरून पाठवतात, म्हणून एका टक्‌मध्ये गेलेलं शेजारच्यांवरून भरून निघतं. डिजिटल स्टेशन लागायला काही सेकंद लागतात त्याचं एक कारण हेच, रेडिओला आधी हा पसारा गोळा करावा लागतो. इन्व्हर्टरची सतत गुरगुर मात्र कुणालाच पचत नाही, डिजिटलला तर मुळीच नाही.

दुसरा धोका केंद्रं बंद होण्याचा. जर्मनीसारख्या देशात, ज्याचा डीआरएम घडवण्यात मोठा वाटा होता, तिथल्या राष्ट्रीय रेडिओनं 31 डिसेंबर 2015 ला आपली मीडियम वेव्ह बंद केली. बीबीसी हिंदीचं शॉर्टवेव्हवरचं प्रसारण 31 जानेवारी 2020 ला थांबलं. आपल्या आकाशवाणीनंही जुने मीडियम वेव्ह ट्रान्समीटर एकामागून एक बंद केले. नागपूरहून 1566 वर 1000 किलोवॉटनं रात्रभर चालणारी राष्ट्रीय वाहिनी माझ्यासारख्या रात्री जागणाऱ्यांची सोबतीण होती, तीही गेली. नांदेड, बीड, धाराशिव इथं आकाशवाणी एफएमवर आहे आणि ती जवळच्या श्रोत्याला छान लागते, पण एफएम डोंगराआड जात नाही आणि रात्री आभाळातून परतही येत नाही. म्हणून कुणी मला 'डिजिटल एएम हवं की नको' असं विचारलं, तर मी हवं म्हणेन. बंद मीडियम वेव्हपेक्षा डिजिटल मीडियम वेव्ह लाख पटीनं बरी.

पण घाई नको, आणि याला कारण आहे. 1993 ला अनंत चतुर्दशीची रात्र सरून 30 सप्टेंबरची पहाट होत होती, चारला चार मिनिटं कमी असताना जमीन हादरली. आम्ही सगळे रस्त्यावर. लाईट नाही, फोन नाही. किल्लारीचं नाव तेव्हा कुणाच्या डोक्यातही नव्हतं. शेजारच्या आजींनी घरातून रेडिओ आणून ओट्यावर ठेवला आणि पन्नास माणसं त्याच्याभोवती बसून उजाडायची आणि बातम्यांची वाट बघत राहिली. तो रेडिओ दोन सेलवर चालत होता. आज डीआरएमचा सुटा रेडिओ साध्या रेडिओच्या कित्येक पट महाग आहे, आणि आतली चिप सेल भराभर खाते. गाडीत तो फुकट आल्यासारखा येतो, पण आखाड्यावरच्या गड्याकडे गाडी नसते. आजींच्या हातात परवडेल असा डिजिटल रेडिओ येईपर्यंत साधा एएम बंद करू नये, हे माझं ठाम मत आहे, आणि ते छंदासाठी नाही.

आता सुरुवात कशानं करायची ते.

पैसे खर्च करू नकोस. आजोबांचा रेडिओ घे. त्याच्या आत काळी फेराइट रॉड आडवी बसवलेली असते, तीच मीडियम वेव्हचा एरियल. ती ज्या दिशेला टोक करते तिकडचं केंद्र बुडतं आणि आडव्या बाजूचं उचललं जातं. उभी ओढायची कांडी मीडियम वेव्हला काही उपयोगाची नाही, ती एफएम आणि शॉर्टवेव्हसाठी आहे. लोक ती ओढून-ओढून मोडतात. एका वाहिनीत दोन केंद्रं आली की रेडिओ पाटावर ठेवून हळूहळू फिरव. एका जागी एक बुडेल आणि दुसरं वर येईल. कंपासनं ती दिशा वहीत लिही. अर्धी ओळख तिथंच होते.

मग चौकटीचा एरियल बनव. लाकडाच्या दोन पट्ट्या फुलीसारख्या जोड, अशा की वायरचा चौकोन प्रत्येक बाजूला एक मीटर होईल. साधी प्लास्टिक वेष्टण असलेली वायर घेऊन आठ वेढे दे, दोन वेढ्यांत बोटभर अंतर ठेव. वायरची दोन टोकं जुन्या रेडिओतल्या गँगला जोड, 500 पिकोफॅरडच्या आसपासचा. गँग म्हणजे स्टेशन लावताना फिरतो तो कपॅसिटर. कुठल्याही जुन्या मेकॅनिकच्या डब्यात मेलेल्या मर्फी-बुशमधले गँग पडलेले असतात, प्रेमानं मागितलास तर फुकट देईल. रेडिओ चौकटीच्या जवळ ठेव, वायर जोडायची नाही. रेडिओवर अगदी बारीक स्टेशन लाव आणि गँग फिरव. एका जागी ते स्टेशन एकदम उसळून वर येईल. पहिल्यांदा हे झालं की तू घरच्यांना हाका मारशील. पट्ट्याच्या वरच्या टोकाला, 1500 च्या पुढे, उसळी येत नसेल तर एक वेढा कमी कर.

जागा आखाड्याचीच. घरापासून, डीपीपासून आणि कुणाच्याही झटका मशीनपासून जितकं लांब जाता येईल तितकं. घरीच बसायचं असेल तर लाईट गेल्यावर ऐक. लोडशेडिंगमध्ये गावभरचा गोंगाट एका क्षणात बसतो आणि पट्टा असा मोकळा होतो की विश्वास बसत नाही. मात्र तुमच्या घरचा इन्व्हर्टर तेवढा बंद कर. हंगाम दिवाळीपासून होळीपर्यंतचा. वळवाचे ढग जमायला लागले की दूरच्या विजांची कडकड सुरू होते आणि मृगापर्यंत काही खरं नसतं. वेळ दिवस मावळताना आणि उजाडायच्या आधीचा अर्धा तास. संध्याकाळी पूर्वेकडे अंधार आधी पडतो म्हणून तिकडची केंद्रं आधी येतात, आणि पहाटे पश्चिमेकडे अजून रात्र असते म्हणून आखाताकडची शेवटपर्यंत टिकतात.

आपल्या पट्ट्यात केंद्रं 531 पासून 1602 पर्यंत नऊ-नऊ किलोहर्ट्झच्या अंतरानं बसलेली आहेत. म्हणजे प्रत्येक आकडा नवानं भागला जातो. सुईच्या रेडिओवर हा हिशेब फार कामाला येतो: ओळखीची दोन केंद्रं सापडली की मधलं अनोळखी कितव्या घरात आहे ते मोजता येतं. मी मुंबई ब चं 558, पुण्याचं 792, हैदराबादचं 738 आणि आपल्या परभणीचं 1305 असे मैलाचे दगड धरून शिकलो. यातलं आज काय चालू आहे ते तू स्वतःच्या कानानं तपास, तोच पहिला धडा समज.

सहा महिने असं ऐकल्यावर मग एसडीआर घे. आरटीएल-एसडीआरची तिसरी आवृत्ती थेट मीडियम वेव्ह घेऊ शकते, तेवढी पुरे. लॅपटॉप बॅटरीवरच चालव, त्याचा चार्जर लावलास तर त्याचीच गुरगुर ऐकत बसशील. डिजिटल काय असतं ते आधी नुसतं बघायचं असेल तर इंटरनेटवर दूर बसवलेले रेडिओ ऐकता येतात. नेदरलँड्समधल्या ट्वेंट विद्यापीठाचा आहे, आणि किवी-एसडीआर नावाचे जगभर विखुरलेले आहेत, त्यांत डीआरएम उलगडायची सोयही आहे. शिकायला चांगलं. पण त्यावर ऐकलेलं वहीत लिहायचं नाही, कारण ते औशात ऐकलेलं नाही.

नुसतं ऐकायला परवाना लागत नाही. ऐकलेल्याची माहिती केंद्राला कळवली तर काही केंद्रं पोचपावतीचं कार्ड पाठवतात, त्याला क्यूएसएल म्हणतात. साध्या एएमसाठी तारीख, वेळ, वारंवारिता आणि कार्यक्रमातले निदान चार-पाच तपशील लिही: कोणतं गाणं, निवेदक पुरुष की बाई, किती वाजता कोणती घोषणा. 'छान ऐकू आलं' एवढ्यावर कुणी कार्ड देत नाही आणि देऊही नये. डिजिटलसाठी पडद्याचा फोटो, संकेत किती डेसिबल वर होता तो आकडा, आणि आवाज सलग किती वेळ टिकला ते. हे आकडे अभियंत्यांना खरोखर उपयोगी पडतात, कारण औशासारख्या ठिकाणी रात्री दोन वाजता मोजमाप करायला त्यांचं कुणी बसलेलं नसतं.

एक काम लगेच कर. मामाची गाडी घेऊन गावाबाहेर मोकळ्या रानात उभी कर, दिवस मावळायच्या अर्धा तास आधीपासून. ते डीआरएम केंद्र लाव आणि दर पाच मिनिटांनी लिही: सलग, तुटक, की गप्प. शेजारी आजोबांचा रेडिओ त्याच केंद्राच्या साध्या एएमवर ठेव आणि त्याचंही लिही. अंधार पडल्यावर एक तास असंच. मग गाडी आधी उत्तरेला तोंड करून आणि नंतर पूर्वेला तोंड करून बघ, काही फरक पडतो का. रेडिओ फिरवल्यावर मात्र नक्की पडेल. ते पान मला पाठव, म्हणजे तुझ्याकडे तुटतंय ते कशामुळे, वाहिनीवर चढलेल्या दुसऱ्या केंद्रामुळे की संकेतच खाली जातो म्हणून, हे मला आकडे बघून सांगता येईल.